दोन देशांत पुरलेली ॲबिगेल

"मग अमेरिकेतलं थडगं रिकामं आहे. सोपं आहे की," कीथ फोनवर म्हणाला.

अडचण अशी होती की ॲबिगेल प्रुइट नावाची एकच बाई दोन देशांत पुरलेली होती. एक थडगं अमेरिकेत, आयोवा राज्यातल्या एका खेड्यात. चांगला पुरुषभर उंचीचा दगड, त्यावर तिचं नाव, पाद्री नवऱ्याचं नाव आणि तिने उजाड माळरानावर गावातली पहिली शाळा कशी काढली त्याची हकीकत. दुसरं थडगं इथे, न्यू साउथ वेल्समधल्या एका लहान गावाबाहेर, कीथच्या कुटुंबाच्या जुन्या जमिनीजवळ. त्यावर तिचं नावच नव्हतं. 'सायलस हार्किन आणि पत्नी', एवढंच. ईस्टरला सगळं हार्किन खानदान तिथे जमणार होतं आणि तेव्हा त्या पत्नीचं नाव दगडावर चढायचं होतं. ते नाव नक्की करणं हे माझं काम. कीथने मात्र माझ्यासाठी न थांबता ब्राँझची पाटी ओतून घेतली होती. पाटीवर ॲबिगेल.

मी वंशशोधक आहे. म्हणजे लोक मला त्यांचे मेलेले नातेवाईक शोधून द्यायला सांगतात. जिवंत नातेवाईकांबद्दल सहसा कोणी विचारत नाही. पुण्याहून इथे लायब्ररी सायन्स शिकायला आले, मग एका लायब्ररीत बरीच वर्षं काढली, आणि आता टूनगॅबी नावाच्या उपनगरात घरच्या गॅरेजमध्ये माझं ऑफिस आहे. गाडी बाहेर, फायली आत. ओळखीचे मराठी लोक विचारतात, यात एवढं शोधायचं काय असतं? गोत्र माहीत असलं की झालं. मी म्हणते, बरोबर आहे, आता तुमच्या पणजीचं माहेरचं नाव सांगा. मग ते चहा घेतात.

कीथची मोठी बहीण जॉइस ही माझी खरी क्लायंट. वय ऐंशीच्या पुढे. इथे सगळे सगळ्यांना नावाने हाक मारतात, मीही त्यांना जॉइसच म्हणते. पण मराठीत लिहिताना मला ते जमत नाही, म्हणून इथे त्या जॉइसबाई. कीथचं वयही काही कमी नाही, पण त्याला अरे-तुरे करताना माझा हात अडखळत नाही. त्याचं कारण पुढे कळेल.

जॉइसबाई पहिल्यांदा आल्या त्या एक गोधडी घेऊन. सुपरमार्केटच्या पिशवीतून. गोधडी म्हणजे आपल्याकडे जुन्या साड्यांची शिवतात तशी नव्हे. तऱ्हेतऱ्हेच्या छापील कापडांचे चौकोन जोडलेले, प्रत्येक चौकोनात पांढरी पट्टी आणि त्या पट्टीवर शाईने एका बाईचं नाव. मधोमध सगळ्यांत मोठा चौकोन, त्याला वेलबुट्टी, आणि त्यावर ठसठशीत: ॲबिगेल प्रुइट.

"आमच्या खापरपणजीने आयोवाहून आणलेली," त्या म्हणाल्या. "घरात बाळ जन्मलं की आम्ही त्याला एकदा या गोधडीवर निजवतो. कीथलासुद्धा निजवलं होतं."

"गोधडीला काही झालं नाही ना?"

"तो डाग त्याचाच."

मग त्यांनी मुद्द्याचं सांगितलं. सायलस हार्किन सोन्याच्या बातम्या ऐकून अमेरिकेहून इथे आला. बरोबर बायको. ती दोन-तीन वर्षांत वारली, पदरात एकच तान्हा मुलगा ठेवून. तेव्हा इथे सरकार जन्ममृत्यूची नोंद ठेवत नव्हतं. मुलगा मोठा होऊन लग्नाला उभा राहिला तेव्हा दाखल्यावर आईच्या नावापुढे 'माहीत नाही' असं लिहिलं गेलं.

"सायलसच्या घोड्याचं नाव आमच्याकडे पोराटोरांना माहीत आहे," जॉइसबाई म्हणाल्या. "कॅप्टन. तो कसा होता, काय खायचा, कुठे पडून मेला, सगळं. आणि जिच्यामुळे आम्ही आहोत, तिचं नाव गोधडीवरून अंदाजाने. मला अंदाज नकोय, अनघा. मी जाईन तेव्हा तिच्या शेजारीच मला पुरणार आहेत. शेजारणीचं नाव तरी नीट माहीत हवं."

हे मी वहीत नाही, डोक्यात लिहून घेतलं.

कामाला लागले. माझी पद्धत ठरलेली आहे. माणूस सापडत नसेल तर त्याचे शेजारी शोधायचे. त्या काळी लोक शेजाऱ्यांबरोबर प्रवास करत, शेजाऱ्यांत लग्नं करत आणि शेजाऱ्यांशीच भांडत. अमेरिकेच्या जुन्या जनगणनेत सायलस सापडला. आयोवात, एका ओढ्याकाठच्या वस्तीत, टेट नावाच्या शेतकऱ्याच्या घरी. शेतावरचा गडी, अविवाहित. त्यानंतर लगेचच कधीतरी त्याचं लग्न झालं असणार, पण ते कोणाशी हे सांगणारे कागद तिथल्या कोर्टाबरोबर जळून गेले होते. अमेरिकेच्या त्या भागात जुनी कोर्टं जळणं ही आमच्या धंद्यातली नेहमीची रड आहे.

मग मी ओढ्याकाठची घरं ओळीने घेतली. प्रत्येक घरातल्या बायका आणि मुली एका स्प्रेडशीटमध्ये उतरवल्या आणि गोधडीवरच्या नावांशी जुळवून बघितल्या. सुंदर जुळलं. टिक, टिक, टिक. रांगत्या मुलींचीसुद्धा नावं गोधडीवर होती. म्हणजे गोधडी त्याच वस्तीतली, याबद्दल शंका नाही. ॲबिगेल प्रुइट चार घरं पलीकडे राहणारी पाद्र्याची बायको निघाली. फक्त एक मुलगी गोधडीवर नव्हती. तिच्यापुढे मी लिहिलं, 'गोधडीवर नाही. दुर्लक्ष करा.' आणि पुढे गेले. यादी पूर्ण झाल्याचा मला जो आनंद होतो, तो लोकांना सिनेमा बघून होतो.

पण ॲबिगेल जुळूनही बसत नव्हती. पुढच्या जनगणनेत ती तिथेच, नवऱ्याजवळ. त्याच्या पुढच्या जनगणनेतही तिथेच. शेवटी तिथेच म्हातारी होऊन गेली आणि दगडाखाली गेली.

कीथकडे प्रत्येक गोष्टीला उत्तर होतं. त्याने आयुष्यभर शेतीची यंत्रं विकली, त्यामुळे न चालणारी वस्तूही चालते असं तो छातीठोक सांगू शकतो.

"पाद्र्याची बायको गड्याबरोबर पळाली," तो म्हणाला. "पाद्र्याने लाजेपोटी दुसरी केली आणि तिला ॲबिगेलच म्हणायला लागला. गावाला पत्ता नाही."

"गावाला पत्ता नाही? चार घरं होती रे."

"तू सिद्ध कर की तसं झालं नाही."

ते मला सिद्ध करता येत नव्हतं, हाच त्रास होता. दुसऱ्या बायकोला पहिलीचं नाव देणं त्या लोकांत नव्हतं, पण बायको पळून जाणं होतं. आणि अशा गोधड्यांची पद्धत मला माहीत होती. कोणी दूर निघालं की शेजारणी एकेक चौकोन शिवून द्यायच्या, त्यावर आपलं नाव घालायच्या आणि सगळ्या मिळून ती जोडून निरोपाची भेट म्हणून द्यायच्या. पुष्कळदा जिला द्यायची तिचं नाव मधल्या चौकोनात असतं. इथे मध्ये ॲबिगेल होती. म्हणून कीथचं म्हणणं वेडगळ असूनही तोडता येत नव्हतं. पाटी तयार होती. दगडवाला विचारत होता, खिळे मारायला कधी येऊ.

त्याच आठवड्यात माझी मैत्रीण शीतल देशाच्या पार उत्तर टोकाला, डार्विनला निघाली. ती नर्स आहे, तिथल्या एका हॉस्पिटलमध्ये तिला चांगली जागा मिळाली. आमच्या टूनगॅबीच्या ग्रुपने गुपचूप सेंड-ऑफ ठरवला. हॅरिस पार्कमधल्या भारतीय दुकानातून मिठाई, एक मोठं कार्ड, आणि कार्ड घरोघरी फिरवून सगळ्यांच्या सह्या. हे काम कोणाकडे असणार ते सांगायला नको. मी ग्रुपमधल्या सगळ्यांची यादी केली, कार्ड फिरवलं, सही झाली की टिक केली. शेवटी एकच नाव बिनटिकेचं उरलं. मला बिनटिकेचं नाव सहन होत नाही. मी ताबडतोब मेसेज टाकला: 'कार्डवर तुझी एकटीची सही राहिली आहे. आज दुपारी येऊन करून जा. उशीर नको.'

मेसेज शीतलला गेला.

तिचा लगेच फोन. "कसलं कार्ड?"

"निरोपाचं. सगळ्यांनी केल्या सह्या, तू एकटीच—" आणि मी थांबले.

"काय लिहू त्यावर?" शीतल म्हणाली. "'शीतल, तुझी खूप आठवण येईल, तुझीच शीतल', असं लिहू का?"

माझी मुलगी इरा शेजारीच टोस्ट खात होती. ती मान वर न करता म्हणाली, "Mum, she's the one leaving."

सरप्राइज गेलंच होतं, म्हणून शीतल दुपारी आलीच. कार्ड उघडून बघितलं आणि हसत सुटली.

"अगं, हे मध्ये कोणाचं नाव? एवढ्या मोठ्या अक्षरात?"

"माझं. मी पहिली सही केली. तेव्हा कार्ड रिकामं होतं."

"आणि बाकी सगळे कोपऱ्यांत. माझं नाव तर कुठेच नाही. उद्या हे कार्ड कोणाला सापडलं ना, तर त्याला वाटेल डार्विनला अनघा गेली."

मी तिच्या हातातून कार्ड घेतलं. परत बघितलं. मग तिला चहाचं विचारायचं सोडून गॅरेजमध्ये गेले. शीतल मागून आली, कारण तिला वाटलं मला वाईट वाटलं.

"ही कोण?" तिने स्क्रीनकडे बघून विचारलं.

स्क्रीनवर ती एकटी ओळ होती. लव्हिना टेट. वस्तीतली प्रत्येक बाई, प्रत्येक मुलगी गोधडीवर होती. लव्हिनाची आई होती. दोन्ही बहिणी होत्या. त्याच घरात सायलस गडी म्हणून राहत होता. आणि लव्हिनापुढे माझ्याच हाताने लिहिलेलं: 'दुर्लक्ष करा.'

"ही डार्विनला गेली," मी म्हणाले.

जिने यादी केली, कापडं गोळा केली, मागे लागून लागून सगळ्यांकडून शिवून घेतली आणि स्वतःचं नाव मधोमध टाकलं, ती ॲबिगेल. प्रत्येक वस्तीत अशी एक बाई असते. जॉइसबाईंनी गोधडी माझ्याकडेच ठेवली होती. मी भिंग काढून नावं पुन्हा बघितली. आधी फक्त वाचली होती, बघितली नव्हती. सगळी नावं एकाच हाताची. स्वच्छ, गोल, वळणदार अक्षर, फळ्यावर लिहावं तसं. पुढे शाळा काढणाऱ्या बाईचं.

"बरी होती की," शीतल म्हणाली. "तुझ्यासारखीच. चहा टाकतेस का आता?"

त्या संध्याकाळी मी कीथला फोन केला.

"कीथ, ॲबिगेल तुझी कोणी लागत नाही."

"मग माझी खापरपणजी कोण?"

"सायलसच्या मालकाची मुलगी. लव्हिना टेट."

"पुरावा काय?"

"तिचं नाव गोधडीवर नाही."

"ॲना," तो म्हणाला, कारण 'अनघा' त्याला जमत नाही, "माझंही नाव गोधडीवर नाही."

खरं सांगायचं तर मुद्दा बरोबर होता. नसणं हा माग असतो, पुरावा नसतो. पुरावा एकाच ठिकाणी मिळण्यासारखा होता, कीथच्या तोंडात. डीएनए टेस्टमध्ये एका छोट्या नळीत थुंकून द्यायचं असतं. कंपनी त्यातून तुमचे लांबचे भाऊबंद शोधते, अर्थात त्यांनीही कधी थुंकून दिलं असेल तर. ॲबिगेलचे वंशज आयोवात भरपूर आहेत आणि त्यांना तिचा फार अभिमान, त्यामुळे त्यांच्यातले बरेच जण आधीच थुंकून बसलेले. लव्हिनाच्या भावांचेही वंशज तिकडे आहेत. कीथ ज्यांच्याशी जुळेल, ते घर खरं.

जॉइसबाई लगेच तयार झाल्या. पण मला कीथ हवा होता. बहिणीचा निकाल त्याने मानला नसता.

"तुला नको असेल तर राहू दे," मी म्हणाले. "पुष्कळ लोक घाबरतात."

"कोण घाबरतं? पाठव ती नळी."

निकाल यायला वेळ लागतो. तोवर जॉइसबाई दर दोन दिवसांनी फोन करायच्या आणि निकालाचं काहीच विचारायच्या नाहीत. हवा, गुडघा, शेजाऱ्याचा कुत्रा. शेवटी एकदा म्हणाल्या, "लव्हिना म्हणायचं की लव्हायना?" मी म्हटलं, अजून नक्की नाही, थांबा. त्या म्हणाल्या, "मी फक्त म्हणून बघत होते."

मग मला पहिल्यांदा भीती वाटली. कीथ कोणाशीच जुळला नसता तर मला फक्त यादी दुरुस्त करावी लागली असती. त्यांना त्या बाईला परत 'आणि पत्नी' करावं लागलं असतं.

ईस्टर तोंडावर आला आणि एका सकाळी कीथचाच फोन.

"हे टेट लोक कोण आहेत? मला मेल येतायत. एकजण म्हणतो, माझा फोटो त्याच्या काकासारखा दिसतो."

"किती टेट आहेत?"

"पुष्कळ. स्क्रोल करतोय."

"आणि प्रुइट?"

तो बराच वेळ स्क्रोल करत राहिला.

"एकही नाही," तो म्हणाला. "बरं. ठीक आहे. नो वरीज." मग लगेच त्याचा उत्साह परत आला. "म्हणजे मालकाची मुलगी गड्याबरोबर पळाली."

"पळाली नाही. पळून जाणाऱ्या मुलीला अख्खी वस्ती गोधडी शिवून देत नाही. आईने चौकोन दिलाय, बहिणींनी दिलाय. राजीखुशीने पाठवणी केली."

"हे तितकं मजेदार नाही."

"नाही. सॉरी."

मी जॉइसबाईंना फोन लावला. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "थांब, मी बसते." मग बसल्या असाव्यात. "लव्हिना टेट," त्या म्हणाल्या. "माहेरचं नावसुद्धा."

ईस्टरला मीही गेले. दगडवाल्याने जुना दगड तसाच ठेवून शेजारी नवा लावला होता. साधा, राखाडी. त्यावर 'लव्हिना टेट हार्किन, आयोवाहून आलेली' आणि खाली मुलाचं नाव. भाषणं झाली नाहीत, कारण माशा फार होत्या. जॉइसबाई काठी टेकत पुढे गेल्या, दगडावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "हॅलो, लव्हिना. घोड्याचं नावही नीट सांभाळलंय आम्ही." मग सगळे झाडाखाली गेले, सॉसेजेस खायला. गोधडी तिथे एका टेबलावर पसरली होती आणि त्यावर एक नवं बाळ निजवलं होतं. ते रडत होतं. जॉइसबाईंनी त्याच्या मांडीजवळ आधीच एक टॉवेल ठेवला होता.

ब्राँझची पाटी परत घेत नाहीत. कीथने ती आपल्या शेतावरच्या जुन्या ट्रॅक्टरला ठोकली. तो ट्रॅक्टर कित्येक वर्षं शेडमागे बंद पडून आहे, त्यात बिया पडून गवत उगवलंय. समोर गेलं की वाचायला मिळतं: 'येथे चिरविश्रांती घेत आहे ॲबिगेल, आमच्या घराण्याची आद्य माता'. गावातली माणसं हल्ली रस्ता सांगताना म्हणतात, ॲबिगेलपासून डावीकडे.

नव्या दगडाच्या बाबतीत एकच वाद झाला. खर्च कीथने उचलला होता, म्हणून त्याला दगडावर 'कीथ हार्किन यांनी बसवला' असं हवं होतं. आणि ते मधोमध, जरा मोठ्या अक्षरात. जॉइसबाईंनी दगडवाल्याला परस्पर फोन केला. आता ते मागच्या बाजूला आहे, गवताच्या उंचीवर.

या कामातून माझ्या चेकलिस्टमध्ये एक ओळ वाढली. गोधडी असो, कार्ड असो, ग्रुप फोटो असो, यात कोण आहे ते नंतर; आधी यात कोण नाही ते बघायचं. आणि मधोमध जिचं नाव असेल, तिचे आभार मानून तिला बाजूला ठेवायचं.

ही ओळ मी स्वतःलाही लागू करायचं ठरवलं. मध्ये ग्रुपमधल्या एका जोडप्याचं परत पुण्याला जायचं ठरलं. त्यांच्या कार्डवर मी शेवटी सही केली, अगदी खाली, कोपऱ्यात, बारीक अक्षरात. दुसऱ्या दिवशी डार्विनहून शीतलचा फोन आला. तिला कोणीतरी कार्डचा फोटो पाठवला होता.

"अनघा, तुझं नाव दिसत नाही कुठे," ती काळजीने म्हणाली. "तू पण चाललीयस का?"